गावच्या भिंतीवर 'हजेरी'चा इतिहास काढायचाय, कसा काढावा?

माणदेशी_रंगारी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मी माण तालुक्यातला, दुकानांचे बोर्ड आणि शाळांच्या भिंती रंगवायचं काम करतो, चौदा वर्षं झाली. आमच्या ग्रामपंचायतीनं एसटी स्टँडसमोरची एक भिंत दिलीय, चाळीस फूट लांब, नऊ फूट उंच, म्हणाले गावचा इतिहास काढ. आता इतिहास म्हटलं की काय काढायचं ते ठरलेलंच असतं, महाराज, गड, मावळे, आणि आपल्या भागात असलं तर बेचाळीस. वडूज आम्हाला जवळ, ९ सप्टेंबर १९४२ ला तिथल्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्यासोबतचे मिळून नऊ जण गेले, ते मी काढणारच आहे, त्यात शंका नाय.

प्रश्न वेगळा आहे. भिंत घासत होतो, पत्र्यानं जुना चुना काढत होतो, तेव्हा माळावरच्या पारधी वस्तीतले एक म्हातारबाबा, पंच्याऐंशीच्या पुढचे असतील, काठी टेकत येऊन उभे राहिले. बराच वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, "हितंच उकिडवं बसवायचे आमास्नी." मला काय कळेना. मग त्यांनी सांगितलं की आता जिथं ही भिंत आहे तिथं जुनी चावडी होती आणि ते आठ-नऊ वर्षांचे असताना बापाबरोबर हजेरीला यायचे. नाव पुकारलं की 'जी' म्हणायचं, अंधार पडल्यावर परत एकदा यायचं. काठीनं जमिनीवर जागा दाखवली, हितं बाप, हितं चुलता, हितं मी. नेमके तिथंच माझे रंगाचे डबे होते. मी ते उचलून बाजूला ठेवले, दुसरं काय करावं ते सुचलं नाय.

त्या रात्री बसून वाचून काढलं. गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांनी १८७१ ला केला, आधी उत्तरेकडं, आपल्या मुंबई इलाख्यात तो १९११ ला आला. अमुक जातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, त्यानं काय केलंय का नाय हा प्रश्नच नाय. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, गावाबाहेर जायचं तर पास पायजे. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात अख्ख्या वसाहती होत्या. स्वातंत्र्य १९४७ ला मिळालं पण हा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे पाच वर्षं उशिरा. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाय, माझ्या पोरीच्या पुस्तकातही मला दिसलं नाय.

तर माझ्या डोक्यात असं आलंय की भिंतीच्या मधोमध आठ फुटी अंगठ्याचा ठसा काढायचा, काळ्या रंगात, आणि त्याच्या रेघा म्हणजे गावच्या वाटा, वस्तीकडं जाणाऱ्या. लांबून ठसा दिसेल, जवळ गेलं की वाटा. मला स्वतःला ही कल्पना फार आवडलीय. पण गावातले दोघं-तिघं म्हणतायत की जुनं कशाला उकरतो, आता सगळे गुण्यागोविंदानं राहतात. बाहेर कुठं असं काम कुणी केलं असेल, बघितलं असेल तर सांगा. आणि ठसा कसा वाटतो तेही मोकळेपणानं सांगा.

सिडनीतला_वाईकर

दादा, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून बऱ्याच महिन्यांनी इथं लिहितोय. मी मूळचा वाईचा, नोकरीमुळं ऑस्ट्रेलियात. इथं न्यू साउथ वेल्समध्ये बिंगारा म्हणून गाव आहे, त्याच्याजवळ मायल क्रीक नावाचा ओढा. १० जून १८३८ ला तिथं गोऱ्या पशुपालकांच्या माणसांनी तिथल्या मूळनिवासी विरायराय लोकांची कत्तल केली, किमान २८ जण, नि:शस्त्र, बहुतेक बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. असल्या कत्तली तेव्हा बऱ्याच झाल्या पण इथं खटला उभा राहिला आणि सात जणांना फाशी झाली, हे त्या काळात जवळजवळ न घडणारं.

पण मला सांगायचंय ते पुढचं. २००० साली, त्याच तारखेला म्हणजे १० जूनला, तिथं स्मारक झालं. मी दोन वर्षांपूर्वी बायको-पोरांना घेऊन गेलो होतो, जूनमध्ये इकडं थंडी असते, गवत दवानं ओलं. पुतळा नाही, कमान नाही, काहीच नाही. तांबड्या मातीची एक वळणावळणाची पायवाट आहे, मध्ये मध्ये दगड ठेवलेत, प्रत्येकावर एक पाटी, इंग्रजीत आणि तिथल्या मूळ लोकांच्या गमिलराय भाषेत. एक पाटी वाचायची, चालायचं, पुढची पाटी. सगळी हकिकत अशी चालत चालत कळते आणि शेवटी टेकाडाच्या टोकाला एक भला मोठा ग्रॅनाइटचा धोंडा, तिथून खाली ती जागा दिसते. माझा मुलगा वाटेत सारखा बडबडत होता, तिसऱ्या-चौथ्या दगडापासून गप्प झाला.

आणि हे स्मारक उभारणाऱ्यांमध्ये मारल्या गेलेल्यांचे वंशजही होते आणि मारणाऱ्यांचेही. दोन्हीकडची माणसं एका जागी आली, एकमेकांसमोर उभी राहिली. दरवर्षी जूनमध्ये अजूनही जमतात. २००५ मध्ये कुणीतरी हातोडा घेऊन पाट्यांची नासधूस केली होती, म्हणजे 'जुनं कशाला उकरता' म्हणणारे तिथंही आहेत, पण पाट्या परत बसवल्या.

म्हणून म्हणतो, तुमच्या म्हातारबाबांनी काठीनं जी जागा दाखवली ना, ती भिंतीवरच्या कुठल्याही चित्रापेक्षा महत्त्वाची. ती जमीन सोडू नका. चित्र भिंतीवर असू दे, पण माणूस तिथं कुठं उभा राहतो याचा आधी विचार करा.

गेंडामाळ_सातारा

अरे बाबा, तुझी तळमळ पोचली. मी निवृत्त शिक्षक, साताऱ्यात राहतो. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, राग मानू नकोस.

आमच्या गेंडामाळावर ८ सप्टेंबर १८५७ ला इंग्रजांनी १७ जणांना मारलं, काहींना फाशी, काहींना गोळ्या आणि काहींना तोफेच्या तोंडी दिलं. रंगो बापूजींचा उठावाचा बेत फुटला त्यातलं हे. त्याआधी १८३९ ला प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं, मग १८४८-४९ ला वारस नाही म्हणून राज्यच खालसा केलं. या शहराच्या अंगावर इंग्रजांनी केलेल्या जखमा कमी नाहीत. २०२४ च्या जुलैत लंडनच्या म्युझियममधनं वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, मी पहिल्याच आठवड्यात नातवाला घेऊन गेलो. डोळे भरून आले, खोटं सांगत नाही. आणि तिथंच कळलं की ती उसनी आलीत, तीन वर्षांसाठी. आपलीच वस्तू, आणि उसनी.

तर माझी भीती अशी की तू गावची भिंत रंगवशील आणि बघणाऱ्याला वाटेल की गावानंच हे केलं. कायदा कुणी केला? लंडनला आणि कलकत्त्याला बसून केला. ते ठळक दिसलं पाहिजे. इंग्रज अधिकारी, त्याचं टेबल, त्याचं रजिस्टर हे काढ. नाहीतर आज जी माणसं एकत्र नांदतायत त्यांच्यात उगीच अंतर पडेल.

पालावरची_लेक

माणदेशी दादा, मी फासेपारधी समाजाची, सांगली जिल्ह्यात नर्स आहे, आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. तुम्ही मोकळेपणानं सांगा म्हणालात म्हणून सांगते, ठसा काढू नका.

माझी आजी बँकेत पेन्शन आणायला जायची तेव्हा ते शाईचं पॅड पुढं आलं की तिचा हात थरथरायचा. कारकुनाला वाटायचं म्हातारपण आहे. म्हातारपण नव्हतं. तिच्या बापाच्या दहाही बोटांचे ठसे घेतले होते आणि त्यानंतर कुठं लांब काही चोरीला गेलं तरी आधी त्यालाच उचलायचे, ते तिनं लहानपणी बघितलेलं. साठीच्या पुढं गेल्यावर ती माझ्याकडून नाव लिहायला शिकली, पाटीवर, रोज रात्री, 'ई' ची वेलांटी तिला कधीच नीट जमली नाही पण सही करायची. मरेपर्यंत तिनं पुन्हा कुठं अंगठा दिला नाही. रेशनच्या मशीनवर आता सगळेच देतात, तिथंसुद्धा ती आईला पाठवायची. आता तुम्ही तोच अंगठा आठ फुटांचा करून एसटी स्टँडसमोर लावणार. तुम्हाला तो चित्रात चांगला दिसतो, मला दिसतो तो आजीचा हात. तुमचा हेतू चांगला आहे हे मला कळतंय, म्हणूनच एवढं लिहितेय.

आणि गुरुजी, तुमचा मान ठेवून बोलते. हजेरी घ्यायला गोरा साहेब माणदेशातल्या चावडीवर येत नव्हता. कायदा त्याचा, पण नाव पुकारणारा आवाज मराठी होता. कोण आला, कोण गेला हे कळवायची जबाबदारी त्या कायद्यानंच गावच्या पाटलावर टाकली होती. इंग्रज गेला, पण आजही आमची पोरं बाजारात दुकानासमोर उभी राहिली की दुकानदार गल्ल्यावर हात ठेवतो. मी नर्सिंगला होते तेव्हा होस्टेलमध्ये एकीचे पैसे हरवले तर पहिली बॅग माझी उघडली. पैसे तिच्याच पुस्तकात निघाले. सॉरी कुणी म्हणालं नाही. इंग्रज अधिकारी आणि त्याचं टेबल काढलं की सगळ्यांना बरं वाटेल, तो काय उठून भांडायला येणार नाही.

आमच्याकडं दाखवण्यासारखं भरपूर आहे ओ. माझे आजोबा तोंडानं तित्तराचा असा आवाज काढायचे की माळावरनं खरा तित्तर उलटून उत्तर द्यायचा. बांबूच्या काड्या नि दोरीचे फासे, ओळीनं लावलेले, ते गुंडाळून खांद्यावर टाकायची एक पद्धत असते. कुठल्या झुडपाखाली पाणी लागेल हे आजीला लांबूनच कळायचं. हे ज्ञान होतं, त्याला गुन्हा केलं. आमच्या माणसाला कायम मान खाली घातलेलाच काढतात, तसा काढू नका.

कराडचा_वाचनवेडा

ताईंशी शंभर टक्के सहमत. एक भर घालतो. कॅनडात मूळनिवासी पोरांना आईबापापासून तोडून निवासी शाळांत डांबायचे, दीड लाखाच्या वर पोरं अशी गेली, भाषा बोललं तर मार, केस कापायचे. त्यावर तिथं सत्य आणि सलोखा आयोग बसला, २०१५ मध्ये त्यानं ९४ शिफारशी केल्या आणि त्यातल्या एकीत चक्क असं आहे की मूळनिवासी आणि बाकीच्या कलाकारांनी एकत्र काम करावं यासाठी कला परिषदेनं योजना आखावी. आणि आपल्याकडंही बघा, १८९७ च्या दुरुस्तीत चार ते अठरा वर्षांची पोरं आईबापापासून काढून वेगळ्या सुधारगृहात ठेवायची तरतूद होती. एकच साम्राज्य, एकच डोकं.

तर तिथल्या केरी न्यूमन या कलाकारानं, त्याचे वडील स्वतः अशा शाळेत होते, त्यानं देशभर हिंडून त्या शाळांच्या जागांवरून आणि लोकांकडून वस्तू गोळा केल्या, आठशेच्या वर. दाराचं फळकूट, विटा, लहान मुलाचा बूट, कापलेली वेणी. देवदारासारख्या लाकडाच्या मोठ्या चौकटीत त्या गोधडीसारख्या जोडल्या, नावच आहे साक्षीची गोधडी अशा अर्थाचं. आपल्याला गोधडी काय ते सांगायला नको, आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा कुठला आणि बापाच्या सदऱ्याचा कुठला हे आपण अंधारात हातानं ओळखतो.

माझा मुद्दा एवढाच की तो आधी चित्र ठरवून गेला नव्हता, आधी लोकांकडं गेला. तुम्ही वस्तीवर जाऊन बसलात का अजून? का बाबा भिंतीपाशी आले तेवढंच?

माणदेशी_रंगारी

नाय बसलो. खरं सांगतो, गेलो नाय. रस्त्यानं जाताना राम राम घालतो एवढंच. माझं घर ते वस्ती दहा मिनिटांची वाट आहे आणि चौदा वर्षांत मी तालुक्यातल्या निम्म्या गावांच्या भिंती रंगवल्या, त्या वस्तीवर एकदा पण गेलो नाय.

ताई, ठसा रद्द. कागद फाडला नाय, तुम्ही म्हणालात ते डोक्यात राहावं म्हणून ठेवलाय, पण भिंतीवर येणार नाय. तुमच्या आजीचं वाचून मी दुकान बंद करून घरी आलो, रंगात हात घालायचं मन होईना.

अजून एक सांगायचंय, पहिल्या पोस्टमध्ये मी ते लिहिलं नव्हतं. माझे पणजोबा गावचे पोलीस पाटील होते. म्हणजे बाबांच्या बापाचं नाव पुकारणारा आवाज आमच्याच घरातला. बाबांना हे माहीत असणारच, माझं आडनाव त्यांना माहीत आहे, तरी ते माझ्यापाशी येऊन बोलले. आमच्या माळ्यावर सागवानी पेटी आहे, पितळी कडीची, चावडीचे कागद तिच्यात असायचे असं वडील सांगतात. आता तिच्यात माझे ब्रश असतात. वाईकरांनी दोन्हीकडच्या वंशजांचं लिहिलं ते वाचून मी बराच वेळ त्या पेटीकडं बघत बसलो. काल वडिलांना विचारलं की असं असं आहे, भिंतीवर आपल्या घराचं पण यावं का. ते जेवत होते, हात थांबला, म्हणाले, "खरं असंल तर काढ. फक्त नाव घालताना मला वाचून दाखव."

गुरुजी, तुमचं म्हणणं मी टाकून देत नाय. कायदा इंग्रजांचा, १८७१ आणि १९११ ही सालं ठळक येणार. गेंडामाळासारखं वडूजचं पण येणार. पण आमच्या घराचं सोडून नुसतं साहेबाचं टेबल काढलं तर बाबा त्या भिंतीकडं बघतील आणि त्यांना कळेल की मी काय झाकलंय.

गेंडामाळ_सातारा

वाचलं. वडिलांना माझा नमस्कार सांग. आणि त्या लेकीलाही सांगतो, बाळ, तू म्हणालीस ते बरोबर आहे. मी छत्तीस वर्षं इतिहास शिकवला, दर ३१ ऑगस्टला वर्गावर होतो, एकदाही पोरांना सांगितलं नाही की आज काय असतं. वर्गात त्या समाजाची दोन-तीन मुलं असायचीच, मागच्या बाकावर. त्यांच्यासाठी तरी सांगायला हवं होतं.

मिरजेचा_पेंटर

भावा, बाकी सगळे मनाचं बोलले, मी भिंतीचं बोलतो कारण भिंत गेली की सगळंच गेलं. तुझ्या गावात पाऊस कमी पण ऊन भयानक, पश्चिमेकडं तोंड असलं तर तांबडा आणि पिवळा दोन उन्हाळ्यांत उडतो. जुना चुना पूर्ण निघाल्याशिवाय पुट्टी मारू नको, पोपडे येतात. खाली दोन फुटांत लोणा लागलाय का बघ, पांढरी पावडर हाताला येते ती, असला तर तेवढा गिलावा पाडून नवीन करून घे आणि महिनाभर वाळू दे. मग एक्स्टिरिअर प्रायमर, मग रंग चांगल्यातला. आमच्याकडं २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं, मी रंगवलेल्या तीन शाळांच्या भिंती आठवडाभर पाण्यात होत्या, रंग तर गेलाच, गिलावा पण ढासळला. जाता जाता सांगतो, आमचा पूल पण त्यातलाच, एका व्हाइसरॉयचं नाव, १९२९ पासून. पाऊस लागला की अख्खी सांगली दर तासाला त्या साहेबाचं नाव घेते, आयर्विनला किती झालं, आयर्विनला किती झालं. नाव कुणाचं ते नव्या पोरांना माहीतच नाय.

म्हणून माझं मत, जी जागा बाबांनी काठीनं दाखवली तिथं रंग नको, दगड घाल. आपला काळा दगड, जमिनीला सपाट, तीन फरशा, बाप, चुलता आणि पोरगा. छिन्नीनं नावं कोरून घे, पारधी भाषेत काय म्हणत असतील तसं आणि मराठीत. रंग वीस वर्षांत जाईल, दगड राहतो. दगडकामाला माझ्या ओळखीचे वडार बांधव आहेत, हात असा आहे की बघत राहशील.

पालावरची_लेक

जमिनीवर सपाट नको दादा, लोक पाय देऊन जातील. एसटी लागली की कोण खाली बघतंय. बसायच्या उंचीचे करा. तिथं आमच्या माणसांना उकिडवं बसवायचे ना, मग आता नीट टेकून बसता येईल असे तीन दगडी बाक करा, गाडीची वाट बघणारं कुणीही बसू दे, म्हातारी माणसं, शाळेची पोरं, तुमच्या घरची माणसं, आमची माणसं. नाव पाठीकडं कोरा. पण हे माझं मत झालं, बाबांचं काय ते बाबाच सांगतील. त्यांना बापाचं नाव दगडावर नको पण असेल, आमच्यात काही जण गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. विचारल्याशिवाय काहीच कोरू नका.

माणदेशी_रंगारी

ताई, बाक. हे माझ्या डोक्यात जन्मात आलं नसतं. रविवारी जातो वस्तीवर. तुमच्या नात्यातलं कुणी आमच्याकडं आहे का, सोबत आलं तर बरं पडेल, मला तिथं काय बोलावं ते कळणार नाय. आणि ती पेटी नेऊ का सोबत, का ते वाईट दिसेल?

पालावरची_लेक

माझी मावशी म्हसवडला दिली आहे, तिच्या नवऱ्याला फोन करते, तो येईल. सकाळी जा, उन्हं चढायच्या आत, या वयात दुपारी माणूस थकलेला असतो. रिकाम्या हातानं गेलात तरी चालेल पण चहा नाकारू नका, कप कसाही असला तरी. पेटी पहिल्या दिवशी नको. आधी त्यांना सांगा की तुम्ही कुणाचे पणतू, स्वतःच्या तोंडानं सांगा, त्यांना माहीत असलं तरी. बघूया म्हणाले तर पुढच्या वेळी न्या. आणि वही-पेन बाहेर काढू नका, आमच्या म्हाताऱ्या माणसांसमोर कुणी लिहायला लागलं की ती गप्प होतात.

मिरजेचा_पेंटर

भिंतीच्या खालच्या दोन फुटांचा फोटो टाक उद्या उजेडात, लोणा किती आहे बघून सांगतो. आणि बाबा काय म्हणतात ते कळेपर्यंत प्रायमर मारू नको.